पंधरावी स्टिक

पुष्कर हरकरेनं उभ्या आयुष्यात एकतीस ट्रॉफ्या जिंकल्या, आणि एकतीसच्या एकतीस वेळा त्याची बॅग माझ्या खांद्यावर होती. मले सोडल्यावर त्याले एक बी भेटली नाही. हे मी म्हणून राहिलो. त्याले विचारलं तं तो गुडघ्याचं नाव सांगते.

मी चंपत, कॅडी. आमच्या मोहल्ल्यातल्या लोकाले वाटते कॅडी म्हणजे हमाल. वाटो बापा. बॅग उचलणं तं गाढवाले बी जमते. झेंडा इथून किती यार्ड आहे, वारा कुठून येऊन राहिला, कोणती स्टिक काढायची, आणि साहेबाचं डोकं तापलं असन तं त्याले काय बोलून थंडं करायचं, हे सांगते तो कॅडी. आणि दिवसाचं पहिलं काम म्हणजे स्टिका मोजायच्या. गोल्फमध्ये बॅगेत चौदाच स्टिका चालतात. पंधरावी निघाली तं खेळणाऱ्याले दंड बसते आणि कॅडीचं नाव जाते.

आमची मोजायची एक रीत होती. मी एकेका स्टिकेच्या डोक्यावर बोट ठेवत मोठ्यानं मोजत जायचो, आणि शेवटी म्हणायचो, "चौदा." मंग पुष्करभाऊनं उलटून म्हणायचं, "चौदा." ते म्हटल्याशिवाय मी बॅगेले हात लावू द्यायचो नाही. तो चौदा वर्षांचा होता, प्रताप नगरातून सायकलनं यायचा, तेव्हापासूनची ही रीत. आमच्या मैदानावर तेव्हा होलभोवती गवताचे ग्रीन बी नव्हते, तेल शिंपडलेल्या वाळूवर बॉल ढकलायचा. त्या वाळूवर शिकलेला पोट्टा पुढं सहा वर्षं देशात एक नंबर राहिला. कौतुक मलेबी होतं, खोटं काहून बोलू.

तं मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. सहा वर्षांनंतर.

"चंपतभाऊ, मी खेळणं थांबवतोय. नागपुरात सत्कार ठेवलाय सगळ्यांनी. तुम्ही यायचंच. वहिनींनाही आणा. तुमच्याबद्दल बोलणार आहे मी स्टेजवरून."

फोन ठेवला आणि मी तसाच पलंगावर बसून राहिलो. सुभद्रानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारलं, "काय झालं जी? तोंड काहून असं झालं?" मी म्हटलं, "काही नाही वं. पुष्करभाऊचा सत्कार आहे. तुले निळं पातळ नेसून यायचं आहे." तिले वाटलं मी मजाक करून राहिलो. पण मले माहीत होतं की हा तोच दिवस आहे. नऊ वर्षांपासून मी त्याचीच वाट पाहून राहिलो होतो.

नऊ वर्षांआधीची गोष्ट सांगतो. दिल्लीले वर्षातली सगळ्यात मोठी स्पर्धा होती, शेवटचा दिवस, आणि पुष्करभाऊ तीन शॉटनं पुढं. तो कप भेटला असता तं परदेशातल्या मोठ्या स्पर्धांचा दरवाजा उघडला असता. सकाळी सहाले मी मोजलं. चौदा. तो म्हणला, चौदा. सव्वासहाले सुभद्राचा फोन आला, मिनलच्या कॉलेजच्या फॉर्मचं विचारायले. मिनल म्हणजे आमची पोरगी. दोन मिनिटं बोललो, नळावर जाऊन टॉवेल ओला केला, परत आलो, बॅग उचलली, निघालो.

तिसऱ्या होलवर मी वेज, म्हणजे जवळून बॉल उचलायची स्टिक, काढायले हात घातला तं हाताले दोन वेज लागल्या. एक नवी, आणि एक ती, वाळूच्या काळातली, मुठीले माझ्याच हातानं गुंडाळलेली पट्टी असलेली. पुष्करभाऊकडे पाहिलं, तं तो आपल्याच पायाकडे पाहून राहिला होता. मी टॉवेल ओला करायले गेलो तेव्हा त्यानं टाकली होती. शुभ म्हणून. घरून लपवून आणली होती त्यानं ती.

झुडपात फेकून दिली असती तं कोणाच्या बापाले कळलं नसतं. मी नाही फेकली. मी हात वर केला, रेफरीले बोलावलं, सांगितलं पंधरा आहेत. दोन होल झाले होते, होलमागं दोन, असा चार शॉटचा दंड बसला. संध्याकाळी कप दोन शॉटनं गेला.

पार्किंगमध्ये त्यानं माझे दोन्ही हात धरले. रडून राहिला होता. म्हणे, "चंपतभाऊ, देशाचा एक नंबरचा खेळाडू टोटका करायला पंधरावी स्टिक टाकतो, हे छापून आलं तर मी पुन्हा उभा राहू शकणार नाही. तुम्ही म्हणा मोजायचं राहून गेलं. घरून फोन आला, त्यात राहिलं. तुम्ही कॅडी आहात, तुमचं लोक चार दिवसांत विसरतील. मी ज्या दिवशी खेळणं सोडीन, त्या दिवशी स्टेजवरून खरं सांगीन. आईची शपथ. तोपर्यंत कोणाला नाही, घरातही नाही."

मी हो म्हटलं. त्या चौदा वर्षांच्या पोट्ट्याले पाहावं तसं मी त्याले पाहून राहिलो होतो, म्हणून हो म्हटलं. माझ्यासारखा बैल दुसरा शोधून सापडणार नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'घरच्या फोनानं हुकला कप.' नागपूरच्या पेपरात तं फोटोसकट. मी घरी आलो तेव्हा सुभद्रानं पेपर घडी घालून फळीवर ठेवला होता. म्हणे, "माझ्या फोनानं झालं ना जी?" मी म्हटलं, "होते वं कधी कधी." एवढंच म्हटलं मी. मोहल्ल्यातल्या बाया तिले नळावर टोमणे मारायच्या, 'फोनवाली आली' म्हणून. ती हसण्यावारी न्यायची. मी बी हसण्यावारी न्यायचो. शपथ होती ना.

आणि वरून ऐका. पंधरावी स्टिक स्वतःहून सांगितली म्हणून संघटनेनं त्या वर्षी खिलाडूवृत्तीची ट्रॉफी दिली. कोणाले? पुष्कर हरकरेले. ती मोजली तं बत्तीस होतात.

त्यानं मले काढलं नाही तेव्हा. आणखी तीन वर्षं मी त्याची बॅग उचलली. मंग एक दिवस म्हणला गुडघा दुखते, थोडं थांबतो, आणि दोन महिन्यांनी टीव्हीवर पाहिलं तं बॅग दिल्लीच्या एका दुसऱ्याच माणसाच्या खांद्यावर. दुसऱ्या खेळाडूंकडे विचारून पाहिलं. सगळे चांगलं बोलायचे आणि शेवटी हसून म्हणायचे, "चंपतभाऊ, मोजता ना आता?" म्हणून मी आपल्या मैदानावर परत आलो. आता मेंबर साहेबांच्या बॅगा उचलतो.

त्या तीन वर्षांतलीच एक गोष्ट आहे. माझी सासू, बायजाबाई, कन्हानले राहायची. तिले मुलगा नव्हता. ती मले म्हणायची, "चंपत, मले आग तूच देजो." मी हैदराबादले होतो तेव्हा ती गेली. पहाटे साडेपाचले गेली. सुभद्राचा फोन आला दुपारी अडीचले, राऊंड झाल्यावर. मी विमानानं आलो तरी संध्याकाळ झाली. सुशीलनं, तिच्या पुतण्यानं, आग देऊन टाकली होती. मी सुभद्राले म्हटलं, "सकाळीच काहून नाही सांगितलं?" ती म्हणली, "मॅच होती ना जी तुमची." मले तेव्हा वाटलं, समजदार बाई आहे.

असो. सत्काराचं सांगत होतो.

हॉल भरून होता. सकाळी अकराची वेळ, पहिल्या रांगेत क्लबचे मोठे लोक, दुसऱ्या रांगेत आम्ही दोघं. सुभद्रा निळ्या पातळात, केसांत शेवंती. मी तिले काही सांगितलं नव्हतं. मले वाटत होतं, तिनं त्याच्याच तोंडून ऐकावं, एवढ्या लोकांसमोर. मोहल्ल्यातले चारजण बी मी मुद्दाम बोलावले होते, तिले फोनवाली म्हणणाऱ्यांचे नवरे.

गार्गी नावाची पोरगी सूत्रसंचालन करून राहिली होती. तिनं कागदावरून सगळं वाचलं. एकतीस विजेतेपदं. सलग चार आठवड्यांत चार. मलेशिया आणि तैवान. एका राऊंडमध्ये फक्त एकसष्ट शॉट, देशातला विक्रम. सहा वर्षं अव्वल. लोक टाळ्या वाजवून राहिले होते आणि मी मनातल्या मनात प्रत्येकाच्या खाली आपलं लिहून राहिलो होतो. मलेशियाले तो सात नंबरची स्टिक मागून राहिला होता, मी सहा नंबर हातात दिली आणि बॉल झेंड्याच्या दीड हातावर बसला. एकसष्टच्या दिवशी त्याले ताप होता, मी प्रत्येक होलवर मीठ-साखरेचं पाणी पाजलं. हे कागदावर नसते, आणि माझी त्याबद्दल तक्रार बी नाही. मले एकच गोष्ट पाहिजे होती.

मंग पुष्करभाऊ बोलायले उभा राहिला. केस पांढरे झालेत त्याचे, पण उभा अजून तसाच राहते, खांदे सरळ. आईवडिलांचं बोलला, वाळूच्या मैदानाचं बोलला. मंग म्हणला, "आता एका माणसाबद्दल बोलायचं आहे. चंपतभाऊ, कुठे आहात?"

सुभद्रानं माझा हात दाबला. मी उभा राहिलो.

"तुम्हा सगळ्यांना दिल्लीची ती गोष्ट माहीत आहे," पुष्करभाऊ म्हणला. "पंधरावी स्टिक." लोक हसले. "माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा कप त्या दिवशी गेला. मला सगळ्यांनी सांगितलं, कॅडी बदल. मी नाही बदलला. कारण हातून चूक होते, माणूस आहे. मी त्याच दिवशी चंपतभाऊंना मिठी मारली आणि म्हटलं, झालं गेलं विसरून जा. मला आज लोक एकतीस ट्रॉफ्यांबद्दल विचारतात. मला विचाराल तर माझी खरी कमाई हीच आहे की मला माफ करता आलं."

टाळ्या अशा पडल्या की सांगता सोय नाही. पुढच्या रांगेतले एक म्हातारे साहेब तं डोळे पुसून राहिले होते. केसानं गळा कापणं म्हणतात ते ऐकलं होतं, माझा गळा त्या दिवशी शाल पांघरून कापला. खरोखरच शाल पांघरली त्यानं मले, नारळ हातात दिला. गार्गी माईक घेऊन आली, म्हणे, "काका, दोन शब्द बोला ना."

माईक हातात आला तेव्हा मले नऊ वर्षांचं सगळं बोलायचं होतं. शपथ त्याची होती, मोडली त्यानं होती, आता माझ्यावर कोणाचं काही बंधन नव्हतं. पण शेवटी जे आलं ते एवढंच आलं.

"मी मोजल्या होत्या जी," मी म्हटलं. "चौदाच होत्या."

सगळा हॉल हसला. प्रेमानं हसला, त्याचंच वाईट आहे. पुष्करभाऊनं माझ्या खांद्याभोवती हात टाकला आणि माईकमध्ये म्हणला, "पाहा, अजूनही ऐकत नाहीत." पुन्हा टाळ्या. मोहल्ल्यातले चारही जण वाजवून राहिले होते.

खाली चहाच्या टेबलापाशी मी त्याले एकटा गाठला. म्हटलं, "भाऊ, आईची शपथ घेतली होती."

त्यानं चहाचा कप खाली ठेवला. मंग हळूच म्हणला, "चंपतभाऊ, नऊ वर्षं झाली हो. इतक्यांदा सांगितलीय ही गोष्ट, की मला आता माझंच नक्की आठवत नाही. आणि यात तुमचं वाईट काय दिसलं? लोकांना किती आवडलात तुम्ही."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्याचं तोंड मले ओळखता येते, चोवीस वर्षं पाहिलं मी ते तोंड. तो खोटं बोलून राहिला नव्हता. त्याले खरंच तसंच वाटून राहिलं होतं, आणि मले त्याहून जास्त राग कशाचाच आला नाही.

मी काही बोलणार तेवढ्यात सुभद्रा आली. तिनं पदर डोक्यावर घेतला होता. ती सरळ त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिनं हात जोडले.

"साहेब, तो फोन माझा होता," ती म्हणली. "यांची काही चूक नव्हती. मीच केला होता पोरीच्या फॉर्मसाठी. मले नऊ वर्षांपासून तुमची माफी मागायची होती, पण हिंमत नाही झाली. मले बी माफ करा."

मी पुष्करभाऊकडे पाहिलं. निदान आता तरी म्हणन काही, असं वाटलं. एवढी बाई हात जोडून उभी आहे.

"अहो वहिनी, काय हे," तो म्हणला. "मी केव्हाच माफ केलं." आणि फोटोवाल्यानं आवाज दिला म्हणून तो तिकडे गेला.

सुभद्राचं तोंड असं उजळलं होतं की मले तिच्याकडे पाहवेना. म्हणे, "किती मोठा माणूस आहे जी. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं."

आम्ही ऑटोनं निघालो. तिच्या मांडीवर नारळ, माझ्या गळ्यात शाल. रामदासपेठपर्यंत मी दात आवळून बसलो. मंग नाही राहवलं. सगळं सांगून टाकलं. वाळूच्या काळातली वेज, टॉवेल, पार्किंग, शपथ, सगळं. सांगताना पुष्करले अशा शिव्या दिल्या की ऑटोवाला आरशातून पाहायले लागला. मले वाटलं, आता ही बी देईन दोन शिव्या. एकाचे दोघं होऊ.

तिनं एकच विचारलं. "मोजल्या कधी? माझ्या फोनाच्या आधी का नंतर?"

"आधी," मी म्हटलं. "पंधरा मिनिटं आधी."

"आणि तुम्हाले हे तेव्हापासून माहीत होतं."

"अवं, शपथ होती ना."

घरी आल्यावर तिनं नारळ फोडून चटणी केली, मले वाढलं, स्वतः नंतर जेवली. भांडली असती तं मले बरं वाटलं असतं. सोमवार गेला, मंगळवार गेला. मी विचारायचो, "काय झालं वं?" तं म्हणायची, "काही नाही." कामापुरतं बोलायची. माझ्यासोबत दगाबाजी झाली होती, आणि घरात तोंड मले लपवावं लागून राहिलं होतं. हा कुठला न्याय, असं मले वाटायचं. पण मोठ्यानं म्हणायची हिंमत नाही झाली.

पुढच्या रविवारी क्लबची स्पर्धा होती. मी शरच्चंद्र साहेबांच्या बॅगेवर होतो. रिटायर झालेले डॉक्टर आहेत, खेळतात मोठ्या हौसेनं आणि बॉल नेहमी तळ्यात टाकतात. सकाळी साडेसहाले पहिल्या होलपाशी मी बॅग उभी केली, पहिल्या स्टिकेवर बोट ठेवलं, आणि खिशातला फोन वाजला.

सुभद्रा होती. नऊ वर्षांत मॅचच्या सकाळी तिचा हा पहिला फोन.

"काय करून राहिले?" ती म्हणली.

"स्टिका मोजून राहिलो."

"मोजा मंग. फोन ठेवू नका. जवारी दळून आणायची आहे, येताना चक्कीवर जाजा. आणि मिनल दिवाळीले आठ दिवस येणार म्हणते. तिची गादी वाळवायले पाहिजे. गॅस बी संपत आला."

ती थांबतच नव्हती. मी एका हातानं फोन कानाले लावला आणि दुसऱ्या हातानं एकेका डोक्यावर बोट ठेवत गेलो. हो म्हणत गेलो, बरं म्हणत गेलो, मोजत गेलो.

"किती झाल्या?" तिनं विचारलं.

"चौदा."

"बरोबर मोजल्या?"

"बरोबर मोजल्या."

"माझ्याशी बोलता बोलता मोजल्या."

"हो वं. त्यात काय आहे."

मंग ती म्हणली, आवाज अजिबात चढवला नाही तिनं, "मंग माय गेली तेव्हा मी काहून थांबली जी? साडेपाचपासून अडीचपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली, घड्याळ पाहत. सुशील म्हणत होता फोन कर, मी म्हणत होती नाही, मोजून राहिले असतील."

आणि तिनं फोन ठेवून दिला.

शरच्चंद्र साहेब हातमोजा घालून तयार उभे होते. "झालं का हो चंपतराव?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, पण मी उभा होतो तो तिथंच उभा राहिलो. मंग त्यांनीच बॅगेतून आपली स्टिक काढून घेतली.